मी केलेली सुमनताईंची सही

चौदा वर्षं मी मंचरला कुरिअरचं ऑफिस चालवलं, आणि या चौदा वर्षांत ज्या लोकांची पार्सलं पोचवली त्यांतल्या बऱ्याच जणांच्या सह्या मीच केल्या. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. म्हणून ते आधीच लिहून मोकळा होतो.

या अंकाच्या संपादकांनी मला कुरिअरमधल्या गमतीजमती मागितल्या होत्या. गमती पुष्कळ आहेत, त्यांतली एखादी सांगतोही. पण धंदा कसा चालायचा हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ऑफिस म्हणजे एसटी स्टँडच्या मागे एक गाळा. वजनकाटा, टेलिफोन, लाकडी कप्पे आणि मी. सकाळी सातला पुण्याहून पोतं यायचं. ते टेबलावर उलटं करून गावागावांचे ढीग लावायचे. हद्द मोठी होती. पश्चिमेला घोडेगाव, शिनोली, पार तळेघरपर्यंत, आणि पूर्वेला जुन्नर तालुक्यातलं बेल्हे. प्रत्येक ढिगाबरोबर एक कागद असे, डिलिव्हरी शीट. त्यावर पार्सलाचा नंबर, घेणाऱ्याचं नाव आणि पुढे सहीचा चौकोन. पार्सल हरवलं, भांडण झालं, कुणी कोर्टात गेलं, तर त्या चौकोनातली सही हाच पुरावा. आमच्या धंद्यात देव कुठे असेल तर त्या चौकोनात.

मंचरपासून तळेघरला माझा माणूस रोज जाणं शक्य नव्हतं. एसट्या मोजक्या, आणि एसटी सोडल्यावर पुन्हा भातखाचरांतून तासभर चालायचं. म्हणून आमची वेगळी रीत होती. पाकीट कंडक्टरच्या हातात द्यायचं. तो शिनोलीच्या चहाच्या टपरीवर उतरवायचा. टपरीवाला वर जाणाऱ्या कुणाच्याही पिशवीत टाकायचा. आश्रमशाळेतल्या एका गुरुजींचं नेमणुकीचं पत्र एकदा लावणीला निघालेल्या बायकांनी इरल्याखाली धरून नेलं होतं, आणि त्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता. या रीतीत दहा वर्षांत एक पाकीट हरवलं नाही. मोटरसायकली पळवणाऱ्या शहरातल्या ऑफिसांनी हे करून दाखवावं.

पार्सल वर पोचायचं, पण सहीचा कागद खाली यायचा नाही. सुरुवातीला मी त्या चौकोनात माझीच सही करायचो. पुण्याच्या साहेबांनी फोनवर झापलं, "ज्याचं पार्सल त्याची सही पाहिजे. संध्याकाळच्या आत शीट पूर्ण, नाहीतर दंड." तेव्हापासून ज्याचं पार्सल त्याची सही, हात माझा. हळूहळू हात बसला. डॉक्टरांची सही वाचता येऊ नये अशी करायची, पाटलांची जोरकस, खाली दोन टिंबं. बायकांच्या सहीला मात्र मी कधी नक्षी केली नाही. नुसतं नाव लिहायचं, गिचमिड, रेघ न देता. मला वाटायचं, पुरे तेवढं.

आता गंमत. टीव्हीवर हिंदीत ओरडून वस्तू विकायचे ते दिवस. घोडेगावच्या एका पैलवानांनी पोट कमी करायचा पट्टा मागवला. महिन्यानं ते पट्टा घेऊन ऑफिसात हजर.

"भाऊ, परत पाठवा. पैसे परत देनार म्हनून टीव्हीवरची बाई सांगती."

"पैलवान, काय बिघडलं?"

"पट्ट्याचं काय न्हाई बिघडलं. पोट व्हतं तसंच हाय."

पट्टा त्यांनी युरियाच्या गोणीत घालून दाभणानं शिवून आणला होता. तसाच गेला. चार दिवसांनी मुंबईच्या गोदामातून फोन, "तुम्ही आम्हाला खत का पाठवलंय?" त्या परतीच्या मालावर तीन महिने पत्रापत्री झाली. शेवटी पैलवानांना पैसे मिळाले आणि माझ्या ऑफिसात सगळ्यांना जिलबी. परतीचा माल म्हणजे काय डोकेदुखी असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जाणाऱ्या पार्सलाची दोन माणसं वाट बघत असतात. परत येणाऱ्याची कुणालाच नड नसते. घेणाऱ्याला ते नको असतं आणि विकणाऱ्याला ते आलेलं बघवत नाही. म्हणून तेच हरवतं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली आणि इंटरनेटवरची विक्री आमच्याकडे आली. आणली ती बेल्ह्याच्या पारसशेठनी. त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ मराठी आमच्यापेक्षा गावरान बोलायचे. बेल्ह्याचा जनावरांचा बाजार मोठा. म्होरक्या, कासरे, गोंडे, घुंगरमाळा, सगळं त्यांच्याकडे. पुण्यात शिकणाऱ्या पुतण्यानं घुंगरमाळांचे फोटो एका वेबसाइटवर टाकले, आणि बैल कधी न पाहिलेल्या लोकांनी त्या मागवायला सुरुवात केली. कुणी दाराला बांधायला, कुणी हॉटेलात टांगायला. शेठ खूश. "बैलापरीस दारं जास्त हायेत जगात," म्हणायचे.

माळा ओवायच्या त्या दुकानातल्या सुमनताई. अकरा वर्षं त्या ते काम करत होत्या. कातडी पट्टा, त्यावर एकवीस पितळी घुंगरं, दोन्ही टोकांना पिवळा-जांभळा गोंडा. गोंड्याला त्या स्वतःची एक तिपेडी गाठ मारायच्या. तशी गाठ बाजारात दुसऱ्या कुणाची नव्हती. ओवून झाली की माळ कानाशी धरून एकेक घुंगरू हलवायच्या. पार्सल आलं-गेलं तर घ्यायच्या-द्यायच्या त्याच. म्हणून बेल्ह्याच्या शीटवर "सुमन" हे नाव मी कितीदा तरी लिहिलं होतं.

एक माळ ओवताना त्या शेठना म्हणाल्या होत्या, "पंधरावं घुंगरू बद्द वाजतंय. बदला."

शेठ म्हणाले, "बंगळूरच्या हॉटेलात कोन कान लावून बसनार हाय? घाल डब्यात."

बंगळूरच्या हॉटेलवाल्या बाईंनी कान लावला. माळ आली तशी परत पाठवते म्हणाल्या, आणि पाठवली. ती फिरत फिरत माझ्या मंचरच्या टेबलावर आली. त्या दिवशी बेल्ह्याचा बाजार होता. रोजचा दुधाचा टेम्पो बंद पडलेला. तेवढ्यात शिनोलीकडचे दगडूतात्या स्टँडवर चहाला थांबले. गुरांचे व्यापारी, टेम्पोत दोन बैल, बेल्ह्यालाच चाललेले.

"तात्या, एवढं पुडकं पारसशेठच्या दुकानात टाका."

"ठिव मागं."

मी ते मागे बैलांच्या पायांशी, भुसकटात ठेवलं. टेम्पो हलला. मी आत येऊन शीट ओढली आणि बेल्ह्याच्या ओळीपुढे लिहिलं, "सुमन". सकाळचे साडेआठ वाजले होते. पार्सल अजून मंचरच्या वेशीत होतं.

नंतर काय झालं ते समजायला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या बाजारात जुनी बोली असते. बैल घरी नेला, औताला जुंपला आणि तो खाली बसला, तर बैल परत आणि पैसे परत. पण बैल विकणाऱ्याच्या दावणीला आल्याशिवाय पैसा सुटत नाही. कार्डाच्या व्यवहारात तसं नाही. गिऱ्हाइकानं बँकेला सांगितलं की माझी फसवणूक झाली, तर बँक विकणाऱ्याच्या खात्यातून पैसे आधी ओढून घेते आणि मग त्याला विचारते, तुझं काय म्हणणं? याला चार्जबॅक म्हणतात. शेठचं म्हणणं होतं, माळ परत आलीच नाही. बाईंचं म्हणणं होतं, आली, ही बघा सही. वेबसाइटनं माझ्या शीटची प्रत मागवली. पुण्याहून ती गेली. त्या चौकोनात "सुमन" लिहिलेलं होतं. शेठ दावा हरले, आणि वेबसाइटनं त्यांचं खातं बंद केलं.

पैशाचं शेठनी मनावर घेतलं नसतं. पण ती प्रत त्यांच्याही हातात पडली. त्यांनी मला फोन केला.

"भाऊ, सुमन म्हनती ही सही तिची न्हाई."

मी टेबलावरच्या शीटा सारख्या करू लागलो.

"तुमच्या मानसानं कुनाला दिलं?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर दहा वर्षांच्या सगळ्या शीटा उघड्या पडल्या असत्या, आणि एजन्सी गेली असती. मी म्हणालो, "शेठ, घाईत माणूस कशीही सही करतो."

एवढंच. खोटं म्हणावं असं त्यात काही नाही. घाईत माणूस कशीही सही करतोच. मी केली होती.

तात्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "दिलं की!" दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण दुसऱ्यांदा विचारलं असतं तर उत्तर बदललं असतं.

आठ दिवसांनी सुमनताई स्वतः मंचरला आल्या. नवराही बरोबर होता, पण तो दारातच उभा राहिला. शेठनी त्यांना कामावरून काढलं होतं. पोलिसात दिलं नाही, हे शेठ उपकार म्हणून सांगत होते. बाजारात बायका म्हणत होत्या, "सुमे, पदराला घुंगरू बांध, म्हंजी कुटं निघाली ते कळंल."

त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमी शिकल्याली मानसं. ती सही कुनी केली एवढं सांगा. तुमच्या मानसाला तोंड आठवत आसंल. बाई व्हती का बाप्या व्हता?"

मी त्यांना पाणी दिलं. म्हणालो, "ताई, दिवसाला शंभर पार्सलं असतात. आठवत नाही हो."

त्यांनी पाणी प्यायलं नाही. तांब्या तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "बरं. आठवलं तर सांगा." त्यानंतर ते दोघं बेल्हे सोडून शिनोलीला, ताईंच्या माहेरी राहायला गेले. नवऱ्याला घरजावई म्हणवून घ्यावं लागलं.

पाच-सहा महिन्यांनी मी बेल्ह्याच्या बाजारात गेलो. शेठकडे तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून जनावरांच्या बाजूनं चाललो होतो. शेकडो गळे वाजत होते. त्यात एक माळ अशी वाजली की पाय थांबले. वीस आवाज लख्ख, आणि मध्ये एक दगडासारखा. बैलानं मान हलवली की पुन्हा तसाच. जवळ जाऊन मोजलं. पंधरावं. गोंडा पिवळा-जांभळा, गाठ तिपेडी.

बैलवाल्याला विचारलं, "पावणं, माळ कुठली?"

"तात्यानी बैलाबरूबर दिली की. त्यांच्या टेम्पोत भुसकटात पडल्याली. पुठ्ठा बैलानं खाल्ला व्हता. कुनाची काय कळंना, तात्या म्हनले, ऱ्हाऊ द्या त्याच्याच गळ्यात. लई शोभती ना?"

तात्यांनी चोरी केली नव्हती. सकाळचं पुडकं आणि भुसकटातली माळ यांचा त्यांनी मेळच घातला नव्हता. त्यांचं "दिलं की" आणि माझी सही एकाच जातीची होती. झालं असणार, म्हणून झालं.

नवी माळ घेऊन देतो म्हणून मी ती त्याच्याकडून मागून घेतली. त्यानं वेड्याकडे बघावं तसं बघितलं. घरी आणून कपाटात कपड्यांखाली ठेवली. त्या दिवशी एसटीनं शिनोलीला जायला मला तासही लागला नसता. मी गेलो नाही. आधी न सांगण्याला भीती हे कारण होतं. त्यानंतर न सांगण्याला काहीच कारण नव्हतं, आणि हेच मला सांगणं सगळ्यात जड जातं. कपाट उघडताना माळ वाजायची. बायको विचारायची, "ही कशाला ठेवलीय?" मी म्हणायचो, "बैल घ्यायचाय."

यंदा मी एजन्सी सोडली. धंदा चांगला चालू असताना सोडली, आणि हिशेब, गाळा, कप्पे सगळं नीट हवाली केलं. मुख्य ऑफिसनं कळवलं, जुन्या शीटा नष्ट करा. अंगणात बसून गठ्ठे फाडत होतो. त्यांत ती निघाली. "सुमन". माझा हात मला ओळखू आला. एवढी शीट फाडली की जगात पुरावा उरणार नव्हता. दहा मिनिटं ती हातात धरून बसलो. मग घडी करून खिशात घातली, कपाटातून माळ काढली आणि शिनोलीची एसटी धरली.

सुमनताई ओट्यावर गोंडे वळत होत्या. पोळा जवळ आला होता. मी माळ समोर ठेवली. त्यांनी आधी गाठ बघितली, मग माळ कानाशी नेली आणि न मोजता पंधराव्या घुंगरावर बोट ठेवलं. मी सगळं सांगितलं. टेम्पो, शीट, फोन, पाण्याचा तांब्या, कपाट. काही वगळलं नाही.

त्यांनी हातातला गोंडा वळून पुरा केला. मग म्हणाल्या, "मी तुमाला इचारलं व्हतं. तोंडावर."

"हो."

"आन तुमी पानी दिलं."

"हो, ताई."

"मला कशाला सांगताय? मला ठावं हाय मी न्हाई घेतली. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा. बाजारच्या दिवशी. दुकान भरल्यालं आसताना."

गेलो. शेठच्या दुकानात त्या दिवशी वीसेक माणसं होती, दगडूतात्याही होते. मी माळ वर धरून हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की ही माळ सुमनताईंनी नेली नाही, ती सही मी केली होती, आणि खरं कळूनही मी तीन वर्षं गप्प बसलो. कुणीतरी म्हणालं, "आयला! आन त्या बाईला गाव सोडाया लावलं." तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आरं, म्या तरी एकदा भुसकाटाकडं नीट बघायचं..." एवढंच बोलले.

शेठ गल्ल्यावरून उठले. मला वाटलं, मारतात. त्यांनी माळ घेतली, वाजवली. मग खाली बसले.

"सही तुमी केली," ते म्हणाले, "पन बाई मी काढली. अकरा वर्षं पगार हातावर ठिवला. तिची सही कशी आसती, मी कदी बघितली न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते शिनोलीला गेले. सुमनताईंनी चहा दिला आणि दुकानात यायला नकार दिला. त्यांनी अटी घातल्या, माळा घरी ओवीन, माल तुमच्या माणसानं आणून द्यायचा आणि न्यायचा, आणि मी बद्द म्हटलेलं घुंगरू बदलायचं. शेठनी सगळं कबूल केलं. शिनोली-बेल्हे अंतर काही थोडं नाही. पण परवा त्यांचा टेम्पो स्टँडवरून जाताना पाहिला.

मला वाटलं, मी सुटलो. निरोप घ्यायला गेलो तर ताई म्हणाल्या, "बाजारात ईस मानसं व्हती. मला हसल्याली लई हायेत. तुमी त्या दिवाळीच्या पुस्तकात काय लिवनार हाय म्हनं?"

"गमतीजमती."

"मग ह्ये लिवा."

"नाव बदलतो तुमचं."

"का? चोरी मी केली का?"

म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी शिनोलीला जाऊन त्यांना वाचून दाखवलं. पैलवानाच्या पट्ट्याला त्या हसल्या. पाण्याच्या तांब्याशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. संपल्यावर मी म्हणालो, "ताई, छापायला तुमची हरकत नाही असं खाली लिहून द्याल का?"

त्यांनी पेन घेतलं. साक्षरतेच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या, बाईंनी शिकवली तशीच अजून करत होत्या. एकेक अक्षर सुटं, गोल, काना सरळ. आधी नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. कागदावर नुसती अक्षरं उभी, डोक्यावर काही नाही. मला वाटलं झालं, म्हणून मी हात पुढे केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "झाली न्हाई अजून."

आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, पेन न उचलता, त्यांनी वरची रेघ ओढली.